आक्काचे दोन दात

गेल्या वर्षी सांगलीत माझी एक दाढ काढली आणि तिच्या जागी नवी बसवली. हल्ली बसवतात म्हणजे हाडातच एक स्क्रू रोवतात, तो हाडात मुरायला काही महिने देतात आणि मग त्यावर दात चढवतात. डॉक्टरीण पोरसवदा होती. काम झाल्यावर तिने आरसा पुढे धरला आणि म्हणाली, "आजी, हा आता काढायचा नाही. धुवायला नाही, झोपतानाही नाही. आता तो तुमचाच, कुणाला काढून नेता यायचा नाही." ती आपली सहज बोलली. मला मात्र खुर्चीतून उठवेना. बसून पाय अवघडले असतील, असं तिला वाटलं. मीही काही बोलले नाही, कारण सांगायला लागले असते तर आष्ट्याजवळच्या आमच्या गावातल्या हापशापासून सुरुवात करावी लागली असती. आणि ज्या आक्काची ही गोष्ट, तिला जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

आक्का माझी थोरली बहीण. आमचं घर उसाचं, पाण्याची ददात आम्हाला कधी नव्हती. पण बहात्तरच्या दुष्काळात आमचीही विहीर तळाला गेली आणि गावाच्या वरच्या अंगाला सरकारने बोअर मारून हापसा बसवला. पोरीबाळींना त्याचं कोण कौतुक! दोर नाही, पोहरा नाही, नुसता दांडा हलवायचा. आक्का तेव्हा पंधरा वर्षांची होती, अंगाने दांडगी. हापसायची पाळी ती कुणाला देत नसे. त्या दिवशी ती दांडा दाबत होती आणि मी घागर धरून बसले होते. मधला बोल्ट निसटला, दांडा उसळला आणि थेट तिच्या तोंडावर बसला.

ती ओरडलीसुद्धा नाही. तोंडावर हात धरून मटकन खाली बसली, आणि बोटांच्या फटींतून रक्त यायला लागलं. वरचे समोरचे दोन्ही दात गेले होते. मी चिखलातून ते वेचले आणि परकराच्या ओच्यात बांधून घरी आणले. डॉक्टर ते परत चिकटवतील, असं मला वाटत होतं. आईने ते शेणाच्या गोळ्यात घातले आणि कौलांवर भिरकावले, दुधाचे दात टाकतात तसे. ते पुन्हा यायचे नाहीत हे तिलाही ठाऊक होतं. पण पडलेल्या दातांचं दुसरं काय करतात, हे तिला माहीत नव्हतं.

आक्का हसायची तेव्हा शेजारच्या वस्तीवर कळायचं, असं तिचं हसणं. ते त्या दिवशी बंद झालं. बोलताना 'स' आला की वारा सुटायचा. शाळेत पोरांनी तिला 'शिट्टी' म्हणायला सुरुवात केली आणि महिन्याभरात तिची शाळा सुटली. आई म्हणाली, बरं झालं, घरात काम थोडं आहे का?

हिरडी भरून आल्यावर आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, तिला सांगलीला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. आई गेली आणि हट्ट करून मीही गेले. डॉक्टर सभ्य माणूस होता. शेजारचे दोन दात घासून बारीक करायचे आणि त्यांच्या आधाराने मधले दोन कायमचे बसवायचे, असं त्याने आधी सुचवलं. आई खवळली. "गेली ती गेली, आता हायत ती बी घासायची? नगं." मग राहिली ती कवळी. डॉक्टरांनी एका पसरट चमच्यात गुलाबी कणकेसारखं काहीतरी भरून आक्काच्या टाळूला दाबलं, आणि त्यावरून तिच्या वरच्या जबड्याचा पांढरा साचा ओतला. पुढच्या खेपेला त्या साच्यावर बेतलेले दोन दात मिळाले. टाळूला चिकटेल अशी गुलाबी पट्टी, तिला पुढे दोन दात आणि शेजारच्या दातांना अडकवायला तारेचे दोन आकडे.

"रात्री काढून पाण्यात ठेवायचे," डॉक्टर म्हणाले. "आणि यांनी काही तोडायचं नाही. हे दिसण्यासाठी आहेत."

"ऊस?" आबांनी विचारलं.

"ऊस विसरा."

दारात उसाचा फड असलेल्या पोरीला हे सांगत होते. परतताना आक्का एसटीच्या खिडकीशी बसली आणि काचेत बघून ओठ उघडझाप करत राहिली. आईने साचाही मागून आणला होता, आपल्या पोरीच्या तोंडाची वस्तू परक्याच्या घरी कशाला म्हणून. तो फडताळात पापडाच्या डब्यामागे जाऊन बसला. कुणी नसताना मी तो काढायची आणि दोन दातांच्या त्या रिकाम्या जागेत बोट घालून बघायची.

पुढे स्थळ आलं ते रहिमतपूरकडचं. बागायती घर आणि मुलगा, म्हणजे पुढचे आमचे दाजी, पलटणीत. आईने तिथल्या तिथे ठरवून टाकलं की दातांचं बोलायचं नाही.

"सांगून टाकू," आबा एकदा म्हणाले. "उद्या कळलं तर?"

"सांगा, आन् मग पोरगी घरात ठेवा जलमभर. झाकली मूठ सव्वा लाखाची."

आबा गप्प बसले. आमच्या घरात आबा गप्प बसले की ती गोष्ट ठरली असं धरायचं, मग त्यांच्या मनात काही का असेना.

आईची तयारी बघण्यासारखी होती. रोज संध्याकाळी आक्काला समोर बसवून ती तिच्याकडून 'साखर, सासर, सुपारी' म्हणून घ्यायची. बघायला येणार त्या दिवशी पोह्यांऐवजी शिरा केला, कारण पोह्यांत शेंगदाणा आणि शेंगदाण्यात धोका. पाहुण्यांनी तिला चालायला लावलं, सुईत दोरा ओवायला लावला, नाव-गाव विचारलं. सगळं सुरळीत पार पडलं. जाताना मुलाची आई म्हणाली, "पोरगी हसरी हाय." आई देवापुढे साखर ठेवून आली.

लग्नात तर आईने सगळीकडे लक्ष ठेवलं. घास भरवताना जिलेबी मोडून मऊ भाग पुढे केला. पाठवणीच्या वेळी कवळी रात्री कुठे लपवायची तेही आक्काच्या कानात सांगितलं. तिने सगळ्याचा विचार केला होता, फक्त विडा तिच्या ध्यानात आला नाही. तिने स्वतः लग्नात विडा दातांत धरला होता, शंभर लग्नांत बघितला होता. इतका अंगवळणी पडलेला खेळ की त्याची कुणी आठवण ठेवत नाही.

आक्काची पाठराखीण म्हणून सासरी मी गेले होते. बारा वर्षांची पाठराखीण! दुसऱ्या दिवशी अंगणात हळद उतरायचा कार्यक्रम झाला. पाण्यातली अंगठी शोधून झाली, सुपारी सोडवून झाली, आणि एका म्हातारीने लांबलचक विडा वळून त्याला लवंग टोचली. नवरीने तो दातांत धरायचा आणि नवऱ्याने हात न लावता दातांनीच तोडायचा. तेव्हा आक्काने माझ्याकडे बघितलं. तिचे ते डोळे मला अजून दिसतात. मी काय करणार होते? आईचं माणूस म्हणून तिथे मी एकटीच होते.

"मला नगं," आक्का बारीक आवाजात म्हणाली.

"आगं लाजतीस काय, धर!" म्हातारीने विडा तिच्या तोंडात दिला. बायका ओरडायला लागल्या. कुणी "सोडू नगंस गं!" म्हणत होतं, कुणी "वढ रं गड्या, शिपाई हायस न्हवं!"

आणि तो शिपाई होता. त्याने तोडला नाही, ओढला. विड्याचं टोक दातांत पकडून त्याने मानेला असा हिसका दिला की आक्काचं तोंड फाकलं आणि पानाबरोबर सगळंच त्याच्याकडे गेलं. मी पलीकडेच ताट धरून उभी होते. पानाच्या घडीतून तारेचा आकडा चमकला, एवढंच मला दिसलं. एक क्षण दाजींची नजर आक्काच्या तोंडावर थांबली. मग त्यांनी सगळा विडा तोंडात ओढून घेतला, ओठ मिटले आणि उठून न्हाणीकडे गेले. अख्खा विडा नवऱ्याने जिंकला म्हणून बायकांत एकच हशा पिकला. आक्काने तोंडात पदराचा बोळा कोंबला होता. त्या म्हणाल्या, नवरी लाजली.

कुणालाही काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्काच्या तोंडात दात जागेवर होते. मला कोपऱ्यात घेऊन ती म्हणाली, "त्यांनी दिली. कुणाला बोललं न्हाईत." सांगताना ती रडत होती आणि चक्क हसतही होती. घरी येऊन मी आईला हे सांगितलं तेव्हा आईने मला पोटाशी धरलं. "देवमाणूस मिळाला गं माझ्या लेकीला. लेकीची लाज झाकून घेतली त्यानं." मलाही तसंच वाटलं. त्या वर्षी शाळेत मला कुणी विचारलं असतं की जगात सगळ्यात चांगला माणूस कोण, तर मी दाजींचं नाव घेतलं असतं.

रजा संपून दाजी पलटणीत गेले. पंचमीला आक्का माहेरी आली. उंबऱ्यावर तिच्या पायांवर पाणी घालताना मी वर बघितलं तर तिचं तोंड मोकळं होतं.

"आक्का, दात कुठायत?"

"त्यांच्यापाशी हायत. ट्रंकंत."

मीठ कुठल्या डब्यात आहे ते सांगावं तसं ती बोलली. आईने कोरून कोरून विचारलं तेव्हा बाकीचं बाहेर आलं. निघायच्या दिवशी दाजींनी हात पुढे केला आणि म्हणाले, "आण ती हिकडं. मी नसताना दात घालून कुणाला दावायचीत?" तिने काढले, धुतले, पुसून दिले. त्यांनी ते साबणाच्या डबीत घालून ट्रंकेत टाकले. सासरच्यांनाही आता सगळं ठाऊक होतं. दाजींनीच सांगितलं होतं, सासूने फसवलं पण मी खपवून घेतलं म्हणून. गावात त्यांचं नाव झालं होतं.

मग दरवर्षी तसंच चाललं. दाजी रजेवर आले की त्यांच्याबरोबर ट्रंकेतून दातही रजेवर यायचे. दरवर्षी ते बसवायला जास्त दाबावे लागायचे, तरी आक्का ते घालून त्यांच्याबरोबर जत्रेला जायची, साताऱ्याला जाऊन एकदा फोटोही काढून आली. रजा संपली की दात परत पलटणीत. मधले दहा महिने ती पदराआडून बोलायची. जाऊ तिला 'बोळकी' म्हणायची, तेही दाजी घरी असताना नाही. तिला मुलगी झाली. ती पोर आईच्या त्या फटीत बोट घालून हसायची, आणि बाप रजेवर आला की दात घातलेल्या आईला बघून भोकाड पसरायची. ही बाई कोण, हे तिला कळायचं नाही. हे मला आक्कानेच सांगितलं, आणि वर म्हणाली, "लय रडती गं, माझ्याकडं यायलाच बघत न्हाई."

मी आईशी भांडले, एकदा नाही, दहादा. "दुसरे करून आणू. आबांना सांग."

"आन् त्यानं इचारलं ही कुठनं आली, तर? आपलेच दात, आपलेच ओठ. आपुन फसवलं, त्यानं नांदवली. ह्ये काय कमी हाय?"

त्यावर मला जास्तच राग यायचा. फसवलं आईने आणि दात गेले आक्काचे. या हिशेबात आक्काला कुणी विचारलंच नव्हतं. आक्काला विचारलं तर ती म्हणायची, "ऱ्हाऊ दे गं. मला कुठं ऊस खायचाय?"

पुढे मी सांगलीला कॉलेजात गेले. शेवटच्या वर्षाला माझं लग्न ठरलं, आणि त्याच सुमारास कळलं की दाजींना या वर्षी रजा नाही. म्हणजे माझ्या लग्नात, फोटोत, चारचौघांत आक्का पदरात तोंड घालून उभी राहणार होती. एका सकाळी आई शेतावर गेल्यावर मी फडताळातून साचा काढला आणि आबांपुढे ठेवला. आबांनी त्या पांढऱ्या जबड्यावरची धूळ पुसली. मग त्यांनी तो धोतराच्या फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवला आणि म्हणाले, "चल."

सांगलीचे डॉक्टर आता पिकले होते. त्यांनी साचा उजेडात धरून फिरवून बघितला.

"हा पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचा जबडा आहे. ती कुठे आहे?"

"तिला यायला जमायचं न्हाई," आबा म्हणाले.

"अहो, कवळी सतत घातली नाही तर शेजारचे दात मोकळ्या जागेत कलतात. तोंड कुणासाठी थांबत नाही. तिला आणा, मी नवीन माप घेतो."

"यायची न्हाई ती, सायेब. ह्याच्यावरच करा."

डॉक्टरांनी हो-ना करत दात केले. मी ते ओढणीच्या टोकात बांधून आणले आणि लग्नाला येईल तेव्हा तिला देणार म्हणून माझ्या पातळांच्या घडीत ठेवले. रोज एकदा काढून बघायची. मला ठाम वाटत होतं की बसतील. डॉक्टर लोक घाबरवतातच.

आक्का आली. मधल्या खोलीत नेऊन मी दार लोटलं आणि ते तिच्या तळहातावर ठेवले. मग खिडकीशी जाऊन, माझ्याकडे पाठ करून तिने ते तोंडात घातले. पट्टी टाळूपाशी जायची आणि अडायची. तिने तिरकी करून बघितली, ओली करून बघितली, अंगठ्याने दाबून बघितली. अंगठ्याला रक्त लागलं तरी ती दाबत होती. मी म्हणाले, "मी बघू?"

"नगं." तिने ते काढले. "जागाच ऱ्हायली न्हाई गं."

दाराबाहेर आबांच्या वहाणा वाजल्या. ते तिथेच उभे होते. मग वहाणांचा आवाज अंगणातून गोठ्याकडे गेला आणि जेवायच्या वेळेपर्यंत ते घरात आले नाहीत.

मी रडायला लागले. आक्काने मला गप्प केलं नाही. दात पदराने पुसले, एका रुमालात गुंडाळले आणि कमरेला खोचले. मी म्हणाले, "आता काय करतेस त्यांचं, दे, मी टाकते."

"ऱ्हाऊ देत. ही तरी माझी हायत."

माझ्या लग्नाच्या फोटोत आक्का आहे, मागच्या रांगेत, ओठ मिटून. पाठराखीण म्हणून माझ्याबरोबर तीच आली. आईला दुसऱ्या कुणाला तरी पाठवायचं होतं, पण आक्काने ऐकलं नाही; तिने उभ्या आयुष्यात केलेला, मला माहीत असलेला हा एकच हट्ट. दुसऱ्या दिवशी माझ्या सासरच्या अंगणात हळद उतरली, अंगठीचा खेळ झाला, आणि बायकांनी विडा आणला. कुणीतरी म्हणालं, "आवं पाठराखीणबाई, तुमीच द्या बहिणीच्या तोंडात."

आक्का पुढे झाली. विडा तिने सोडवला आणि पुन्हा वळला, मुद्दाम लांब. माझ्यासमोर बसून तिने तोंडावरचा पदर खाली घेतला. परक्या बायकांच्या त्या घोळक्यात, भर उन्हात, सगळ्यांना तिची फट दिसत होती. एका बाईने दुसरीला कोपर मारलं. आक्काने तिकडे बघितलंही नाही.

"दात घट्ट धर," ती मला म्हणाली. तो 'स' आलाच, वाऱ्यासारखा, पुढच्या शब्दात. "सोडू नगंस. कितीबी वढलं तरी सोडू नगंस."

मी धरला. जबडा दुखेपर्यंत धरला. माझे सगळे दात माझेच होते, जागच्या जागी होते. माझा नवरा वाकला, त्याने पुढचं टोक हलकेच तोडलं आणि मागे सरला. बायकांनी नवऱ्याला हरला हरला म्हणून चिडवलं. खेळ संपला, ताट उचललं गेलं, आणि मी अजून तशीच बसून होते, तोंडात विड्याचं थोटूक धरून.

"आता सोड," आक्का म्हणाली.

तेव्हा मी खाली बघितलं. तिने माझ्या हनुवटीखाली दोन्ही हातांची ओंजळ धरली होती. पहिल्यापासून धरली असणार.